येताना थांबू

गेल्या आठवड्यात करमाळ्याहून नव्या ज्वारीचं पोतं आलं. धाकटा भाऊ दर सुगीला एस.टी.त घालून पाठवतो आणि फोनवर बजावतो, "दादा, स्टँडवर वेळेत जा बरं का. न्हाय तर पोतं पुढं अक्कलकोटला जाईल." एका वर्षी खरंच गेलं होतं. तेव्हापासून मी अर्धा तास आधीच स्टँडवर जाऊन बसतो आणि बायको त्यावरून मला हसते.

पोत्याचं तोंड सोडलं की घरभर वास सुटतो. वाळल्या कडब्याचा, उन्हाचा, थोडा मातीचा. सोलापुरात फाल्गुन म्हणजे ऊन अजून अंगावर आलेलं नसतं, पण ते येणार हे सगळ्यांना कळून चुकलेलं असतं. कडुनिंबाची पानं गळून अंगणात पसरलेली असतात. सरोजा, म्हणजे माझी बायको, मूठभर ज्वारी तळहातावर घेते, चोळते, फुंकर मारून फोलपट उडवते आणि एक दाणा दाताखाली धरते. "बरी हाय औंदा," एवढंच म्हणते. मग दोन दिवस स्वयंपाकघरात कडक भाकरी चालते. पातळ थापायची, तव्यावर भाजायची, मग निखाऱ्याच्या उबेला वाळवायची, ती अशी की दोन बोटांनी मोडली तर कडकन आवाज व्हावा. फडक्यात बांधून ठेवली तर महिनोन् महिने राहते. शेंगाची चटणी आणि ही भाकरी जवळ असली की सोलापूरचा माणूस कुठंही जाऊ शकतो.

आम्ही गेलोही होतो. आठ वर्षं झाली. तो कडकन आवाज ऐकला की मला हटकून एक रस्ता आठवतो, आणि तो रस्ता इथला नाही, नेपाळातला आहे.

मी मोजणी खात्यात होतो. बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या बांधावर उभं राहून, दोन भावांची भांडणं ऐकत, साखळी ओढत जमीन मोजली. या धंद्याची एक खोड लागते. जमीन दिसेनाशी होते आणि नुसती हद्द दिसते. निवृत्त झालो तेव्हा मनात होतं की आता एकदा हद्दीपलीकडे जाऊ. मोटारसायकलवर, दोघं, दुसऱ्या देशात. मित्र म्हणाले, "अठ्ठावन्नाव्या वर्षी लोक गुडघ्याला तेल लावतात, तू गाडीला लावतोयस." मी ऐकलं नाही. नकाशा आणला, त्यावर पेन्सिलीनं रेघ काढली आणि एका वहीत रोजचं अंतर लिहिलं. कुठं किती वाजता पोचायचं तेही लिहिलं. सरोजाला सांगितलं तेव्हा तिनं दोनच प्रश्न विचारले. "किती दिस?" आणि "भाकरी किती घेऊ?"

सरोजाबद्दल इथंच सांगायला हवं. ती शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकराची मुलगी. घरात हातमाग. त्याच्या आवाजात ती जन्मली, त्याच्या आवाजात अभ्यास केला. आमचं लग्न झालं तेव्हा तिच्या वडिलांनी, ती त्यांना नायना म्हणायची, तिच्याशी बोलणं टाकलं. आरडाओरडा नाही, शिव्याशाप नाहीत. नुसतं बोलणं बंद, आणि दार बंद. त्यांचं घर आमच्या घरापासून पायी वीस मिनिटांवर. त्यांच्या दारावरून आम्ही किती वेळा गेलो असू, पण दारात कधी गेलो नाही. बाजारात समोर आले तर ते भाजीवाल्याशी बोलायला वळायचे. भाजी घ्यायची नसली तरी. सरोजा कधी त्यावर बोलली नाही आणि मी कधी विचारलं नाही. तीस वर्षं हे असं चाललं. मला वाटायचं, तिला सवय झाली असेल.

निघण्याआधी तुळजापूरला जाऊन गाडीची चाचणी घेतली. हेल्मेट आणि वारा, त्यात मागचं माणूस काय बोलतं ते ऐकू येत नाही. म्हणून आम्ही खुणा ठरवल्या. डाव्या खांद्यावर एक थाप म्हणजे हळू. दोन थापा म्हणजे थांबा. आणि पाठीवर उघडा तळवा ठेवला की समजायचं, चाललंय, चला. ही तिसरी खूण तिची होती. ती ठरवताना मी म्हटलं, बरं चाललंय हे सांगायला खूण कशाला? ती म्हणाली, "सांगावं की कधीतरी." मध्य प्रदेश ओलांडेपर्यंत तो तळवा माझ्या पाठीवर इतक्या वेळा आला की मला तो शर्टाचाच भाग वाटायला लागला.

सोनौलीच्या नाक्यावर आमचं सामान उघडलं. भाकरीचं बोचकं बघून तिथला माणूस म्हणाला, "ये पापड़ है क्या?" सरोजानं एक भाकरी मोडून चटणीसकट त्याच्या हातावर ठेवली. त्यानं अर्धी खाल्ली आणि अर्धी कागदात गुंडाळून खिशात टाकली. घरी दाखवायला, म्हणाला. मग पुढं सगळंच अनोळखी. पाट्या आपल्याच लिपीत, वाचता येत होत्या आणि कळत नव्हत्या. मी मोठ्यानं वाचायचो आणि सरोजा मागून हसायची. आणि घड्याळ. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढं. मी नाक्यावरच काटे फिरवले आणि माझ्या मनात आलं, पंधरा मिनिटं बुडाली. आता आठवलं की लाज वाटते, पण खरं सांगतो, त्या पंधरा मिनिटांची भरपाई करायचं माझ्या डोक्यात बसलं होतं.

बुटवल सोडलं आणि डोंगर सुरू झाले. सोलापूरच्या माणसाला डोंगर ठाऊक नसतो. आमच्याकडे बस येताना दिसते आणि मग आरामात चहा संपवून उठलं तरी ती सापडते, इतकं सपाट. इथं एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खाली नदी, आणि समोर वळण. वळणामागं काय आहे ते वळल्याशिवाय कळायचं नाही. मी घाबरलो होतो. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, सरोजाला तर नाहीच. घाबरलेल्या माणसाला एकच गोष्ट हवी असते, ती म्हणजे लवकर पोचणं.

पाल्पाच्या बाजूला, दुपार कलत असताना, रस्त्यालगत एक वाडी लागली. पाच-सात घरं, उतारावर मक्याच्या शेतांचे तुकडे, दारात कोंबड्या. आणि गाडीच्या आवाजावरून वर येणारा एक आवाज. खट्, मग थोडं थांबून खटक्. खट्, खटक्. मलाही तो ऐकू आला. सोलापुरात आयुष्य गेलेल्या माणसाला तो ओळखावा लागत नाही. डाव्या खांद्यावर दोन थापा पडल्या. सरोजा वाकून हेल्मेटजवळ म्हणाली, "अहो, मग्गम."

मग्गम म्हणजे हातमाग. तेलुगू शब्द. लग्नाच्या तीस वर्षांत मी तेलुगू शिकलो नाही, पण हा शब्द मला येत होता. म्हणजे माझा कसलाही गैरसमज झाला नाही. मला ऐकू आलं होतं, कळलं होतं, आणि मी म्हणालो, "येताना थांबू."

पुन्हा दोन थापा पडल्या, आधीपेक्षा हलक्या. मी गाडी वाढवली. आरशात मला एक ओसरी दिसली, मागावर ताणलेला तांबडा-काळा पट्टा दिसला, आणि हात थांबवून रस्त्याकडे बघणारी एक बाई दिसली. मग वळण आलं.

पोखऱ्याला आम्ही ठरल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी पोचलो. त्या दहा मिनिटांचं मी काय केलं ते मला आठवत नाही.

तिथं तीन दिवस राहिलो. दुसऱ्या सकाळी ढग हटले आणि बर्फाचे डोंगर दिसले. सरोजा बराच वेळ बघत उभी राहिली. "लई मोठं हाय," म्हणाली. मग चहाच्या टपरीवरच्या दिदीला तिनं कडक भाकरी दिली. दिदीनं ती दोन्ही हातांनी मोडली, आवाज ऐकून दचकली आणि दोघी हसत सुटल्या. भाषा एकीची दुसरीला येत नव्हती. दिदीनं कमरेला एक पट्टेरी कापड बांधलं होतं. सरोजानं त्याचा कोपरा दोन बोटांत धरून उलटा केला, मागची बाजू पाहिली आणि मान डोलावली. दिदीला त्याचं नवल वाटलं. मला वाटलं नाही, कारण सरोजा दुकानातलं कुठलंही कापड असंच बघते. विणकराच्या घरची खोड. पुढची बाजू सगळेच चांगली करतात, हात कसा आहे ते मागं कळतं, असं त्यांच्यात म्हणतात.

त्याच टपरीवर मी नकाशा उघडून परतीचा रस्ता आखला. गेल्या वाटेनं परत यायचं नाही असं मी ठरवलं होतं. मुगलिंगवरून दुसऱ्या रस्त्यानं उतरायचं. नकाशावर तोच रस्ता दोनदा दिसला असता तर मला ते बरं वाटलं नसतं. मोजणीदाराला एकच साखळी दोनदा ओढायला आवडत नाही.

सरोजा म्हणाली, "तुमी येताना थांबू म्हणला होता."

"कशाला? कापड घ्यायला?" मी म्हणालो. "अगं, सोलापूरची माणसं आपण. आख्ख्या देशाला चादर पुरवणारी. आपण परक्याच्या गावातून कापड न्यायचं? लोक तोंडात शेण घालतील." मला हा विनोद इतका आवडला की मी तो हिंदीत टपरीवरच्या माणसांना सांगितला. ते हसले. दिदी हसली. सरोजाही थोडी हसली. मी त्या हसण्याला होकार समजलो.

परतीच्या वाटेवर तिचा हात माझ्या पाठीवर आला नाही. ती मागची दांडी धरून बसायची. मला वाटलं, सवय झाली, धीट झाली. मी तसं म्हणालोही. घरी आल्यावर मी महिनाभर जो भेटेल त्याला प्रवास सांगत सुटलो. किती अंतर, किती घाट, एकदाही पंक्चर नाही. सरोजा चहा आणून ठेवायची आणि आत जायची.

ज्येष्ठात फोन आला. नायना गेले.

मी त्या घरात पहिल्यांदा पाऊल टाकलं ते तेव्हा. लहान घर. पुढच्या खोलीत माग, त्यावर अर्धवट विणलेलं कापड तसंच. गल्लीतली म्हातारी विणकर मंडळी जमली होती. कुणीतरी नायनांवर घालायला कोरं कापड आणलं. एका म्हाताऱ्यानं ते हातात घेतलं, आणि त्या घडीलाही, त्याचा कोपरा दोन बोटांत धरून उलटा करून पाहिला. मग पसरलं. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. सरोजा ते बघत होती. तोवर ती रडली नव्हती.

तिचा भाऊ अंबादास माझ्याजवळ आला. त्याची माझी नीट ओळखही नव्हती. म्हणाला, "दाजी, नायना लई वेळा विचारायचे. पोरगी फटफटीवर दुसऱ्या मुलखात गेली म्हणं, खरं हाय का? तितं मग्गम असतं का? कसलं कापड काढत्यात तितं?" मग म्हणाला, "आमाला काय सांगता येणार? तुमी इतं आल्यावर कळंल म्हटलं."

सरोजानं ते ऐकलं आणि तिथंच भिंतीला टेकून खाली बसली.

मला सगळं कळलं ते घरी आल्यावर. तिनं स्वतःहून सांगितलं, मी विचारलं नव्हतं. पदरानं हात पुसत, भांडी आवरता आवरता. "मी तितलं कापड नेणार होते नायनांना. एक वीतभर मिळालं असतं तरी चाललं असतं. दारात उभी राहून पुढं धरलं असतं. विणणारा माणूस कापड परत करत न्हाय. हातात घेतोच. उलटं करून बघतोच. मग बोलावं लागतंय की, बरं हाय का वाईट हाय." मग म्हणाली, "तेवढं एक बोलले असते तरी बास होतं."

मी म्हणालो, "मग तेव्हा सांगायचं ना मला."

"सांगितलं असतं तर थांबला असता का?" तिनं शांतपणे विचारलं. रागानं नाही. खरं उत्तर मला माहीत नव्हतं आणि खोटं उत्तर तिला कळलं असतं.

नंतर मी स्वतःची समजूत घालून पाहिली. तीस वर्षं ज्यानं दार उघडलं नाही, तो एका कापडासाठी उघडणार होता का? कदाचित नसतंच उघडलं. कदाचित भाजीवाल्याकडे वळले तसे आतल्या आत वळले असते. पण मग तो नकार त्यांचा झाला असता. आता तो माझा झाला. ज्या दाराची कडी वाजलीच नाही, ते उघडलं असतं की नाही हे कुणाला सांगता येत नाही, आणि हेच मला सोसवत नाही.

दोन वर्षांनी मी मोबाइलवरून तसलं कापड मागवलं. तांबडं-काळं, नक्षीचं, नेपाळचं असं लिहिलेलं. पुडकं आलं तेव्हा मी ते सरोजाच्या हातात ठेवलं आणि समोर उभा राहिलो, बक्षीस मिळणाऱ्या पोरासारखा. तिनं कोपरा दोन बोटांत धरला, उलटा केला. "मशीनवरचं हाय," म्हणाली. नीट घडी करून ट्रंकेत ठेवलं. टाकून दिलं नाही. तेवढं माझ्यासाठी.

मग माझे डोळे गेले. पुरते नाही, पण काचबिंदूनं कडेचं दिसणं खाल्लं, आणि डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली. मोटारसायकल विकली. सरोजा पंचावन्नाव्या वर्षी स्कूटी शिकली, रोज सकाळी मैदानावर जाऊन, दोनदा पडून. आता ती चालवते आणि मी मागं बसतो. मागं बसल्यावर पहिल्यांदा कळलं, मागच्या माणसाला रस्ता दिसत नाही. त्याला बाजू दिसतात. घरं, ओसऱ्या, झाडं, माणसं. मला तर त्याही आता अर्ध्याच दिसतात. ती सगळा तो रस्ता अशी बाजूला बघत आली असणार, आणि मी तिला सांगत होतो किती अंतर झालं ते.

दर सुगीला नव्या ज्वारीची कडक भाकरी झाली की एक फडकं अंबादासकडे जातं. तो आता कुंभारीला राहतो, कामगारांच्या वसाहतीत. काल गेलो. अक्कलकोट रस्त्यावर ऊन चांगलंच होतं. वाटेत एका पत्र्याच्या शेडमधून आवाज आला. यंत्रमागच होता तो, हातमाग आता कुठं उरलेत, पण एकटाच चालला होता, त्यामुळं ठोका वेगळा ऐकू येत होता. माझा हात आपोआप उठला. सरोजाच्या डाव्या खांद्यावर मी दोन थापा मारल्या. आठ वर्षांत ती खूण आमच्यात कुणी वापरली नव्हती.

तिनं मान वळवली नाही. म्हणाली, "येताना थांबू."

मी हात खाली घेतला. ती टोमणा मारणाऱ्यातली नाही. रस्त्यावर ट्रक होते, भाकरीचं फडकं पायाशी होतं, उशीर होत होता. सगळी कारणं खरी होती. माझीही तेव्हा खरीच होती.

अंबादासच्या घरी त्याची बायको मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत होती. हात न थांबवता तिनं आमची विचारपूस केली. अंबादासनं भाकरी मोडून आवाज ऐकला आणि म्हणाला, "करमाळ्याची काय ओ दाजी? कळतंय की." नायनांचा धोटा त्याच्याकडे भिंतीवर खिळ्याला टांगलेला आहे. माग मोडून गेला, ताण्यातून इकडून तिकडं सूत नेणारं ते एवढंसं लाकूड तेवढं राहिलं. सरोजा निघताना दर वेळी त्याला हात लावते, तसा लावला.

परत येताना मी पुन्हा थाप मारली नाही. मागच्यानं दोनदा सांगायचं नसतं हे मी शिकलो आहे. दुसऱ्या रस्त्यानंही येता आलं असतं, तो जवळचाही पडतो. ती त्याच रस्त्यानं आली. शेडपाशी वेग कमी केला, कडुनिंबाच्या सावलीला गाडी घेतली आणि स्टँड लावला. "उतरा," म्हणाली.

शेडमध्ये शांतता होती. दारात बनियनवर बसलेला एक माणूस म्हणाला, "लाईट गेलीय. कवा येतीय काय सांगता येत न्हाय." आत अंधारात माग नुसता उभा होता, सूत ताणलेलं, अर्धं कापड झालेलं. मला ते धूसर दिसलं. मी सरोजाला म्हणालो, "राहू दे. चल. तुला घरी कामं आहेत."

तिनं हेल्मेट काढून आरशावर अडकवलं, पदरानं कपाळ पुसलं आणि शेडच्या पायरीवर बसली. शेजारची जागा हातानं झाडून मला दाखवली.

"थांबू की," म्हणाली. "येईल लाईट. घाई कुणाला हाय?"

मी तिच्याजवळ बसलो. एवढंच वाक्य होतं ते. पाल्पाच्या त्या रस्त्यावर ते माझ्या तोंडी यायला हवं होतं.